आपली माहिती उघड झाली आहे

आमची ओळख झाली ती एका चोरीमुळे. चोर कोण होता हे आजपर्यंत कळलेलं नाही. पण कधी समोर आलाच, तर आधी दोन ठेवून देईन आणि मग चहा पाजीन.

मी चष्मे विकणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. दुकान वगैरे नाही, सगळा कारभार मोबाइलवर. आपला फोटो टाकायचा, त्यावर फ्रेम चढवून बघायची, आवडली की डोळ्यांचा नंबर कळवायचा, चष्मा घरी येतो. एका सोमवारी सकाळी कळलं, की कुणीतरी आमच्या तिजोरीत हात घातलाय. नावं, पत्ते, फोन, डोळ्यांचे नंबर आणि ते फोटोसुद्धा... एक्केचाळीस हजार माणसांचे!

मॅनेजरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझी भाषा बरी आहे. माफीचा मेल तू लिही."

लिहिला. 'आपली माहिती उघड झाली आहे' असा विषय, मग दिलगिरी, सगळ्यात खाली ऑफिसचा पत्ता आणि सही 'ग्राहक सेवा'. अशा मेलला उत्तरासाठी एक असा पत्ता द्यायचा असतो, की तिथे आलेलं कुणी वाचतच नाही. मी घाईघाईत माझ्याच टेबलाचा दिला. पाणी प्यायला उठले, परत येऊन बघते तो तीनशे बारा उत्तरं.

"आता तूच निस्तर," मॅनेजरबाई म्हणाल्या. "प्रत्येकाला दहा दिवस. त्यानंतर प्रकरण बंद."

मी तशी फटकळ. पण त्या दिवशी दिवसभर मान खाली घालून ऐकून घेतलं. एका आजोबांनी लिहिलं होतं, 'चोरांकडे माझा जुना नंबर गेलाय. आता वाढलाय. त्यांना कळवाल का?' एका बाईंना एवढंच हवं होतं, की वय गेलं का, कारण ते त्यांच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. एक वकील होता, त्याचा भाऊही वकील होता, आणि दोघांनी मिळून मला दम भरला होता. आणि कुणीतरी फक्त 'शोभतं का?' असं लिहिलं होतं. बाकीच्या शिव्या एकीकडे, ते दोन शब्द फार लागले.

आणि मग हा मेल आला.

'नमस्कार. वाचून वाईट वाटलं, माझ्यापेक्षा तुमचं जास्त. आज शेकडो माणसं तुम्हाला बोलली असतील. जेवलात का?'

साडेतीन वाजले होते. डबा तसाच पडला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते भुकेमुळे असं मी स्वतःला बजावलं आणि ठरलेलं उत्तर धाडलं. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार. आपली काही तक्रार आहे का?'

'आहे ना. जेवलात का ते सांगितलं नाहीत.'

आता काय म्हणावं या माणसाला! मी डबा उघडला, चार घास खाल्ले आणि लिहिलं, 'जेवले. तक्रार मिटली?'

'मिटली. मी लिफ्ट दुरुस्त करतो. माणसं अडकली की मला बोलावतात, आणि बाहेर काढलं की मलाच शिव्या देतात. बिघाड जणू मीच केला! म्हणून तुमची दया आली.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरल्या शिरल्या मी आधी त्याचंच नाव शोधलं. मेल आला होता.

'एक शंका आहे. तुमच्याकडे फोटो टाकून तीन वर्षं झाली. कोणता टाकला होता ते आठवत नाही. तेव्हा मी मिशा ठेवल्या होत्या. तो मिशांचा असेल, तर चोरांनी नाही, मीच तोंड लपवायला हवं. बघून सांगता का?'

माझ्या स्क्रीनवर त्याच्या नावाशेजारी एक छोटा राखाडी चौकोन होता. त्यावर बोट ठेवलं की फोटो उघडणार. त्याच्याखाली फोन, पत्ता, सगळं. बोट तिथपर्यंत गेलंही...

'ग्राहकांचे फोटो आम्हाला उघडता येत नाहीत,' मी लिहिलं.

'येत नाहीत, की उघडायचे नाहीत?'

'उघडायचे नाहीत.'

'माझी परवानगी आहे.'

'तुम्ही दिलीत म्हणून काय झालं? परक्या माणसानं तुमचा चेहरा पाहिला, माफ करा, असं मी कालच एक्केचाळीस हजार जणांना लिहिलंय. आणि आज मीच बघू?'

मी उगाच टेबल पुसलं, पेनं लावली. मग एक ओळ आली.

'तुम्ही परक्या आहात?'

अहो, छातीत असं काही धडधडलं, की शेजारच्या टेबलावर ऐकू गेलं असेल!

पण तेव्हापासून माझं काही खरं राहिलं नाही. कुठल्याही इमारतीत लिफ्टचं दार उघडलं, की वाटायचं, या बटणांना त्याचा हात लागला असेल का? घरी दूध उतू जायचं.

"लक्ष कुठाय तुझं?" आई ओरडायची. "सारखं काय त्या फोनमध्ये?"

"ऑफिसचं काम आहे गं."

"ऑफिसच्या कामाला कुणी असं गालातल्या गालात हसतं होय?"

सहाव्या दिवशी त्यानं विचारलं, 'आपण फोनवर बोलू शकतो का?'

'ग्राहकाशी खासगी बोलता येत नाही. नियम आहे.'

'कुणी केला?'

'मॅनेजरबाईंनी.'

'त्यांच्या इमारतीला लिफ्ट आहे का?'

मी एवढ्या मोठ्यानं हसले, की खुद्द मॅनेजरबाईंनीच केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

नवव्या दिवशी त्यानं लिहिलं, 'आज चौदाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर बसून तुमचा मेल वाचला. वर अंधार, खाली अंधार. माणसं खालून हाका मारत होती, आणि मी तुमचा आवाज कसा असेल याचा विचार करत बसलो होतो. दोनदा वाचला. मग काम केलं.'

मी तो चारदा वाचला. उद्या दहावा दिवस. उद्या प्रकरण बंद होणार, मग त्यानं पाठवलेलं माझ्यापर्यंत येणार नाही, आणि मला त्याला लिहिता येणार नाही. काहीतरी बोलायला हवं होतं... पण धीर होईना.

दहाव्या दिवशी सकाळी त्याचाच मेल आला. 'कृपया माझी सगळी माहिती कायमची पुसून टाका. नाव, पत्ता, फोन, फोटो. सगळं.' बस्स. 'जेवलात का' नाही, काही नाही.

मी त्या ओळीकडे बघतच राहिले. एवढं काय चुकलं माझं? मग रागच आला. नऊ दिवस गोड बोलायचं आणि दहाव्याला तोंड फिरवायचं! वा रे वा! आणि राग ओसरल्यावर नुसतं रिकामं वाटायला लागलं.

अशी विनंती आली, की त्याच दिवशी पुसावं लागतं. त्याचा फोन नंबर समोर स्क्रीनवर होता. हातात पेन होतं. दहा आकडे तळहातावर उतरवायला किती वेळ लागतो? कुणाला कळणारही नव्हतं. पण मला कळलं असतं ना! मग त्या चोरात आणि माझ्यात फरक काय उरला? पेन खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

आणि मग सुचलं. त्याचं त्याच्या मालकीचं. पण माझं तर माझं आहे!

'तुमची विनंती मान्य आहे,' मी लिहिलं. 'आज चार वाजता सगळं पुसलं जाईल, ही पत्रंसुद्धा. तुमचं काहीही मी ठेवून घेतलेलं नाही. मात्र माझी माहिती मी कुणालाही देऊ शकते. ही घ्या.' पुढे माझा फोन नंबर, आणि शेवटी, 'नाव विचारलंत तर सांगेन.'

पाठवलं. चार वाजता मशीननं विचारलं, कायमचं पुसायचं का? होय म्हटलं. राखाडी चौकोन नाहीसा झाला.

संध्याकाळी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी चहाच्या वेळी मॅनेजरबाई खुशीत येऊन म्हणाल्या, "सांगायचं राहिलंच. परवापासून नवी व्यवस्था बसवलीय. बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये कुठलाही नंबर असला, की त्याच्या आपोआप फुल्या होतात. आता कितीही वेंधळेपणा करा, काही बाहेर जायचं नाही. छान ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. छानच आहे."

आता करायचं काय? त्याचा नंबर नाही, पत्ता नाही. नाव तेवढं डोक्यात होतं. शोधलं असतं तर सापडलंही असतं. पण ते नाव त्यानं मला कुठे दिलं होतं? कंपनीला दिलं होतं, आणि कंपनीकडून परत मागून घेतलं होतं. त्याला नकोच असेल तर? मला मात्र तो हवा होता. त्याचं ते 'जेवलात का' हवं होतं. साडेतीनला रोज डबा उघडायचे, आणि तसाच मिटून ठेवायचे. आई आता विचारायचीसुद्धा नाही, नुसतं डोक्यावरून हात फिरवायची.

सतराव्या दिवशी रिसेप्शनवरून फोन आला. "ताई, खाली एकजण आलेत. वहीत नाव-नंबर लिहायला तयार नाहीत, म्हणतात एकदा देऊन पस्तावलोय. कुणाला भेटायचंय तेही माहीत नाही. म्हणे, जिनं माफीचा मेल लिहिला ती."

मी पाच मजले जिन्यानं धावत उतरले. लिफ्टची वाट कोण बघणार!

खाली चौघं होते. चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. तिघं सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले, आणि एक लिफ्टच्या दाराला कान लावून उभा. नखांत काळं तेल. डोळ्यांवर आमच्याच कंपनीची फ्रेम. मिशा नव्हत्या.

"हिचा पट्टा झिजलाय," तो दाराकडे बघत म्हणाला. मग वळला... आणि पुढचं विसरला.

"तुम्ही पुसायला सांगितलंत," मी म्हटलं. धाप लागली होती, रागही आला होता. "सगळं!"

"हाच तो आवाज..." तो पुटपुटला. "अहो, ग्राहकाशी बोलता येत नाही असं तुम्हीच म्हणालात ना? म्हटलं, ग्राहकच राहायला नको. तर त्यावर तुम्ही मला फुल्या पाठवल्यात!"

"त्या फुल्या म्हणजे—"

"मला वाटलं, शिवी दिलीत. चार दिवस अन्न गोड लागलं नाही. एवढी कसली शिवी, हाच विचार. पाचव्या दिवशी मोजल्या. दहा. दहा अक्षरांची शिवी नसते हो!"

मला हसू आवरेना, आणि रडूही. "मग इतके दिवस?"

"उत्तर लिहिलं, ते 'प्रकरण बंद' म्हणून परत आलं. तुमच्या हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणाले तुमची नोंदच नाही, तुम्ही आमचे कुणी नाही." त्याचा आवाज उतरला. "ते ऐकून... तुम्हीच म्हणताय असं वाटलं. आज सुट्टी टाकली, आणि मेलच्या खालच्या पत्त्यावर आलो. नको असेल तर जातो."

"नको असतं, तर जिन्यानं आले असते का मी?"

तो हसला. मग हात पँटला पुसून समोर उभा राहिला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं. सतरा दिवस ते नाव मला पाठ होतं. तरी मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

मीही माझं सांगितलं. मग नंबर सांगायला लागले, एकेक आकडा, सावकाश. तो ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होता. सोफ्यावरच्या तिघांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"ताई, हळू," रिसेप्शनवरची मुलगी कुजबुजली. "सगळे ऐकतायत."

"ऐकू दे," मी म्हटलं, आणि शेवटचा आकडा सगळ्यांत मोठ्यानं सांगितला.