पहिला खटका

पदरचं एक अक्षर घालत नाही. ज्याला पटत नसेल त्याने चिखलीच्या स्टँडवर यावं आणि माझ्या मावसाजींना डोळ्यांनी पाहावं.

शेषराव मावसाजींचं चिखलीत बंदूक दुरुस्तीचं दुकान. पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. भर दुपार.

दुसरबीडची जयमाला दुकानात आली. कापडात गुंडाळलेली जुनी लिव्हरची रायफल तिने टेबलावर ठेवली.

शेषरावांनी ती बघताक्षणी ओळखली.

गेल्या दसऱ्याला तिचा नवरा, दीपक, हीच घेऊन आला होता. शेतात रानडुकरं माजली होती.

"काका, घोडा ढिला वाटून राह्यला. खोलून पाहा ना."

पण दसरा पडला. पेचकस, पाने, सगळं पूजेत मांडलेलं, वर झेंडूची फुलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलत नसतात. म्हणून शेषरावांनी नुसता घोडा ओढून पाहिला. या रायफलीचा घोडा मागे नेताना दोन खटके वाजतात. पहिल्यावर घोडा अर्ध्यात अडकतो, चुकून बार उडत नाही. दुसऱ्यावर रायफल बारासाठी तयार.

त्या दिवशी एकच वाजला...

सणासुदीला नाट कोण लावतो?

"काई नाई होत. ने बिनघोर," शेषराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दीपकचा पाय घसरला. रायफल आपटली, आणि बार त्याच्याच छातीत गेला.

गाव म्हणालं, पोरगा हलगर्जी. सासूही तेच म्हणते.

"काका, खरं सांगा," जयमाला म्हणाली. "यायची, लेकराच्या बापाची, चूक होती का बंदुकीची? लेकरू मोठं झालं का मलेच इचारीन."

शेषरावांनी रायफल खोलली. घोडा काढून हातात घेतला. पहिली खाच पार झिजलेली, बोटाला लागेना.

सांगायचं होतं हो त्यांना. पण दुकान आठवलं, चार लोकांतली इज्जत आठवली.

"बंदूक चांगली हाय, माय. त्याचाच हात चुकला."

ती रायफलीचं कापड उचलू लागली.

तेवढ्यात...

कट्.

आवाज रायफलीतून आला. आणि घोडा तर शेषरावांच्या मुठीत होता.

"आवाज आला का वो?" शेषरावांनी जयमालाला विचारलं.

"कायचा? नाई तं."

ती गेल्यावर त्यांनी कपाटातली चांगली रायफल काढून घोडा ओढला. एकच खटका. डबा घेऊन आलेल्या माझ्या मावशीला मात्र दोन ऐकू आले.

तेव्हापासून मावसाजी खरं सांगायला दुसरबीडच्या गाडीत बसतात. कंडक्टर डबल बेल मारतो. यांना एकच ऐकू येते... थांबायची. हे उतरतात.

दीपकचं भूत म्हणावं, तर तो कशाला अडवेल? त्याला तर खरं बाहेर यायलाच हवं असेल. मग पहिली घंटी कोण खातं?

शेवटी मावसाजींनी मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, मी जातो सांगायला.

काल गाडीत बसलो. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली, मी पाहिलं.

ऐकू आली... एकच.

मी उतरलो.

जयमालाचं लेकरू आता बोलायला लागलंय म्हणतात.