निवडलेल्या शेंगा

धुळ्यातल्या त्या वर्कशॉपात आज शेंगा फोडायची यंत्रं ओळीने उभी असतात. पण टरफलांचा कोरडा वास आला, की पुनमला आठवतो तो पोट सुटण्याआधीचा भूषण.

साक्रीकडून तो आला होता, वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, जोडून घ्यायला. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, वर्कशॉपात पुनम हाताने फिरवायचं यंत्र बनवत बसली होती. बियाण्याच्या शेंगा फोडून बायकांची बोटं सोलवटतात, म्हणून हा खटाटोप. भूषणच्या खिशात शेंगा होत्या. ओळख ना पाळख, तिने हात पुढे केला. हँडल फिरलं... आणि दाणे अख्खे, गुलाबी सालीसकट बाहेर! पुनम हसली. भूषण पास तिथेच विसरून गेला.

मग दर आठवड्याला तो पिशवीभर शेंगा घेऊन हजर. इतक्या लांब कसं येणं होतं, असं आबांनी विचारलं, तर म्हणे धुळ्यात भाव बरा मिळतो. आबांनी चष्म्यावरून पाहिलं फक्त. दाणा मात्र एकही फुटेना. यंत्र तयार झालं, असं पुनमने ठरवून टाकलं.

जानेवारीत, उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीच्या तोंडावर, ते भूषणच्या खळ्यात नेलं. गावच्या बायका जमल्या. त्याच्या आईने, सुंदरबाईंनी, बियाण्याच्या शेंगा टोपलीने ओतल्या. मोठ्या चिरडल्या, बारीक तशाच घरंगळल्या.

“माय, बठ्ठा दाना फुटी गया,” सुंदरबाई हळूच म्हणाल्या. “आते पेरानं काय?”

पुनमने यंत्र टेम्पोत चढवलं. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि फुटका दाणा काही उगवत नाही.

दोन दिवसांनी भूषण वर्कशॉपच्या दारात. मान खाली. त्यानेच सांगितलं — दर वेळी तो एकसारख्या, मधल्या आकाराच्या शेंगा निवडून आणायचा. यंत्राची फट त्यांच्याच मापाची होऊन बसली.

“पण का?”

“पहिल्या दिवशी तुम्ही हसलात ना... ते परत बघायचं होतं.”

पुनमने त्याच्या हातातली पिशवी हिसकावली. मोठ्या, बारीक, वाकड्या, आज सगळ्या होत्या. फट कमीजास्त करायला स्क्रू बसवता बसवता ती पुटपुटत राहिली. फुटलेलं वेळेवर दिसलं असतं, तर केव्हाच सुधारलं असतं...

“आणि लग्न झाल्यावरही चांगलं तेवढंच निवडून सांगणार का मला?”

शब्द निसटले. पलीकडचा आबांचा ग्राइंडरही नेमका तेव्हाच थांबला. यंत्रात एकही शेंग नव्हती, तरी पुनम हँडल फिरवत सुटली — खडखड, खडखड.

भूषणने हँडल धरलं.

“नाही,” तो म्हणाला. “फुटलेलंही आणीन. आधी तेच.”

पलीकडे आबांनी ग्राइंडर पुन्हा सुरू केला. चाकाला काहीच लावलं नव्हतं.