मार्लिसच्या ओढ्याकाठची पानं

“कार्ला, आमच्या कर्टचं धनुष्य चोरीला गेलं. अर्विडच्या दुकानातून.”

फोनवर मार्लिस ट्वेटच्या आवाजात रडू नव्हतं. म्हणूनच शेरीफच्या ठाण्यातल्या डेप्युटी कार्ला ब्रँडव्होल्डने हातातली कॉफी तशीच खाली ठेवली. बर्फावरून गाडी घसरून तिचा मुलगा कर्ट गेला, तेव्हाही ती अशीच कोरड्या आवाजात बोलली होती.

ते धनुष्य सगळ्या गावाला ठाऊक होतं. कर्टने तळघरात बसून स्वतःच्या हातांनी तासलेलं, मधाच्या रंगाचं, चकचकीत. खालच्या अंगावर, वार्निशच्या आत, त्याने शाईने लिहिलं होतं, ‘पहिलंच आहे. चुका माझ्या. कर्ट.’ यंदा त्याची मुलगी पहिल्यांदा शिकारीला जाणार होती. चकचकीत लाकूड हरणाच्या नजरेत भरतं, म्हणून आजीने ते झाडीच्या रंगात रंगवायला अर्विड हाउगेकडे दिलं होतं.

“अक्षरं सोडून रंगवायला सांगितलं होतंत?” कार्लाने विचारलं.

“दोनदा. आणि पानंही दिली होती पिशवीभर. ओढ्याकाठच्या आमच्या कॉटनवुडच्या झाडाची.”

ही अर्विडची रीत. शिकारी ज्या झाडावर बसणार, त्याच झाडाची पानं त्याने आणायची. ती धनुष्यावर अंथरून अर्विड वरून रंगाचा फवारा मारी, पानं उचली, पुन्हा दुसऱ्या रंगाचा मारी. शेवटी पानांचे आकार तेवढे मागे राहत. या खोऱ्यात जो तो ओकची पानं आणायचा. रस्ता रुंद करताना कॉटनवुड सगळे तोडले होते. उरला होता तो मार्लिसच्या ओढ्यावरचा एकटा.

अर्विडचं दुकान म्हणजे घरामागची शेड. तिला कुलूप कधीच नसे. बाहेर वळचणीला, छातीएवढ्या उंचीवर दोरी बांधलेली, आणि तिच्यावर रंगवलेली धनुष्यं वाऱ्याला टांगलेली. रंगाचा वास जायला तीनेक आठवडे लागतात, आणि हरणाचं नाक माणसासारखं नसतं. हंगाम तोंडावर आला की अर्विड आलेलं धनुष्य त्याच दिवशी हातात घ्यायचा.

आत जाताना एक धनुष्य कार्लाच्या कोपराला लागलं. तिने ते धरून थांबवलं. करडा, तपकिरी, शेवाळी रंग, पानावर पान.

“सुरेख झालंय. कुणाचं?”

“माझंच,” अर्विड म्हणाला आणि आत शिरला.

चर्चमध्ये दर रविवारी दानाची थाळी फिरवणारा हा माणूस. गावात त्याच्या शब्दावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

“कॉफी घे, पोरी. किटली वरच्या फळीवर आहे, तूच काढ. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून हा हात वर जात नाही की मागे जात नाही.”

कार्लाने किटली काढली. “धनुष्य शेवटचं कधी पाहिलंत?”

“काल दुपारी. या टेबलावर.”

“रंगवलं होतं?”

“छे गं. हातसुद्धा लावला नव्हता. आलं तसंच पडून होतं.”

“आणि पानांची पिशवी?”

“असेल इथंच कुठेतरी.”

“काल इथे कोण कोण आलं होतं?”

अर्विडने छताकडे पाहिलं. “छपराचं काम चालू होतं.”

“म्हणजे ड्वेन क्रूगर?”

म्हातारा गप्प राहिला. कपात पाहत राहिला. कार्लाला तेवढं पुरलं.

ड्वेनने चार वर्षांपूर्वी एका होडीचं इंजिन चोरलं होतं. तुरुंगात बसून तो आता पॅरोलवर सुटला होता आणि लोकांची छपरं दुरुस्त करून पोट भरत होता. कार्लाच्याच वर्गातला. एकदा चोर तो कायमचा चोर, असं तिने मनात म्हटलं आणि संध्याकाळी त्याला किराणा दुकानाच्या रांगेतून उचललं. भर गर्दीत, हातात बेड्या घालून.

“कर्टचं धनुष्य? मी?” ड्वेन म्हणाला. “अगं, कर्ट माझा दोस्त होता.”

“मग तर जास्तच लाज वाटायला हवी.”

हे वाक्य तिला फार जमून आल्यासारखं वाटलं होतं. माणसाला स्वतःची जीभ कधी महागात पडेल, सांगता येत नाही.

मधाच्या रंगाचं चकचकीत धनुष्य, खाली शाईची अक्षरं, असं वर्णन सगळीकडे गेलं. ड्वेनच्या घरातलं सामान उलथंपालथं झालं. जुन्या वस्तूंची दुकानं धुंडाळली. धनुष्य मिळालं नाही. पण पॅरोलवरच्या माणसाला संशयही पुरतो. सोमवारी सुनावणी होती, आणि अर्विडची साक्ष उभी राहिली तर ड्वेन उरलेली तीन वर्षं आतच काढणार होता.

शनिवारी सकाळी कार्ला त्या साक्षीवर सही घ्यायला गेली. अर्विड घरात नव्हता. वाट पाहता पाहता तिने कागदी कप टाकायला शेडमागच्या पिंपाचं झाकण उचललं.

पिंपात वापरून टाकलेली पानं होती, रंगाने कडक झालेली. वरती सगळी ओकची. कप दाबताना खालची थोडी वर आली. ती ओकची नव्हती. रुंद, पिंपळासारखी, टोकाला निमुळती.

कार्लाने एक पान उचललं. एका बाजूला तपकिरी रंग, त्यावर शेवाळी.

ती वळचणीकडे गेली. परवा कोपराला लागलेल्या धनुष्यावर तिने ते पान ठेवलं. आकाराशी आकार जुळला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने धनुष्य उलटं केलं, खालचं अंग पाहिलं. ती गाडी काढून मार्लिसला घेऊनच परत आली.

अर्विड तोवर आला होता. दोघींना पाहून तो दारातच थबकला.

“बसा, अर्विड,” कार्ला म्हणाली. “तुम्ही म्हणालात, धनुष्याला हात लावला नव्हता. मग ही पानं रंगली कशी?”

अर्विडने पान पाहिलं.

“खोऱ्यात कॉटनवुड एकच. पानं रंगली म्हणजे धनुष्यही रंगलं. पण तुम्ही ‘आलं तसंच’ म्हणालात, म्हणून आम्ही सगळे मधाचा रंग शोधत फिरलो. तुम्ही ते दारातच टांगलं, कारण रंगवलेल्याकडे कुणी पाहणारच नव्हतं. मी तर ते हातात धरलं होतं.”

“ते माझं...”

“तुमचं नाही. तुमचा हात मागे जात नाही, तुम्हीच सांगितलंत. धनुष्य ओढणार कसं? यंदा तुम्ही चाप दाबून चालवायचा क्रॉसबो घेतलाय, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.”

मार्लिसने काही न बोलता हात पुढे केला. कार्लाने धनुष्य तिच्या हातात दिलं. तिने मूठ धरली. डोळे मिटले. कर्टने अंगठ्यासाठी कोरलेला खोलगटपणा तिला लगेच सापडला.

“हेच ते,” ती म्हणाली.

“मला एवढंच कळत नव्हतं, की का?” कार्ला म्हणाली. “चोरायचं असतं तर विकलं असतं, लपवलं असतं. एवढ्या मायेने रंगवून दारात कोण टांगतं? मग मी खालचं अंग पाहिलं. मार्लिस, अक्षरं नाहीत. तिथेही पानंच आहेत.”

अर्विड स्टुलावर बसला. भल्या माणसाचा चेहरा असा उतरलेला पाहणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

“रंग धरावा म्हणून आधी पॉलिशपेपर मारायचा असतो,” तो म्हणाला. “अक्षरांवर चिकटपट्टी लावायची आणि मग घासायचं. मी घासत गेलो. हात आपला चालतच राहिला. पानं उचलली, तेव्हा वाटलं, आयुष्यात इतकं चांगलं काम झालं नव्हतं. शेवटी पट्टी सोलायला गेलो, तर पट्टीच नव्हती.”

“मग सांगायचं ना मला.”

“सांगायलाच आलो होतो, मार्लिस. तू दार उघडलंस आणि हसून म्हणालीस, ‘झालं का?’ माझ्या तोंडून निघून गेलं, चोरीला गेलं म्हणून. मग तू फोनच उचललास. वाळल्यावर काहीतरी निमित्त काढून ते तुला परत द्यावं, असं म्हणत बसलो.”

मार्लिसने रंगलेल्या पानांवरून बोट फिरवलं. आता तिचे डोळे भरले.

“अक्षरांसाठी मी रडले असते. तुझ्यासमोर रडले असते आणि तुला कॉफी पाजून पाठवलं असतं. पण तू एका माणसाला आत टाकायला लावलंस, अर्विड. माझ्या पोराच्या धनुष्यापायी. मला शरम वाटते, की मीही ड्वेनला शिव्या दिल्या.”

“मी त्याचं नाव घेतलं नव्हतं,” अर्विड पुटपुटला आणि त्याने कार्लाकडे पाहिलं.

खरं होतं. कार्लाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने कोरा कागद पुढे सरकवला, खरं काय घडलं ते त्याच्याकडून लिहून घेतलं, खोट्या तक्रारीचा खटला होईल हे सांगितलं. आवाज अधिकाऱ्याचा होता, पण मान वर होत नव्हती.

तासाभराने तिने स्वतः कोठडीचं दार उघडलं.

“धनुष्य मिळालं. चोरी झालीच नव्हती. तू सुटलास.”

ड्वेनने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “अर्विडने माझं नाव का घेतलं? मी त्याचं काय वाकडं केलं होतं?”

ते तसंच राहू दिलं असतं तर खपून गेलं असतं. दोष घ्यायला अर्विड होताच.

“त्याने नाही घेतलं,” कार्ला म्हणाली. “मी घेतलं. तो नुसता गप्प बसला. चूक माझी आहे, ड्वेन. मला माफ कर.”

ड्वेन उठून बाहेर निघाला. अंगणात येऊन तो शेरीफच्या गाडीपाशी थांबला. कार्लाने पुढचं दार उघडलं. तो पुढच्या सीटवर बसला आणि त्याने काच पूर्ण खाली केली.

“आज भाजीबाजार आहे ना?” तो म्हणाला. “मुख्य रस्त्यावरून घे. आणि सावकाश चालव. मला नेलंस ते सगळ्यांनी पाहिलं होतं.”

कार्लाने गाडी बाजाराकडे वळवली. टोमॅटोच्या पाट्यांमागून, मक्याच्या ढिगांमागून माणसं वळून पाहू लागली. ड्वेन समोर पाहत बसला होता. कार्लाने टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे तिचंही तोंड सगळ्यांना नीट दिसलं.