एकशे ऐंशी मीटर

खोटं वाटलं तर वाटू द्या. ज्याच्या बाबतीत घडलं तो झुल्हैरी माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे, आणि त्याच्यासाठी मी खोटं बोलावं एवढी त्याची लायकी नाही.

गेल्या वर्षीचा जून. गुरुवार, दुपारचे साडेचार. मलेशियात, पाहांगमधलं रबराच्या मळ्यातलं आमचं गाव.

झुल्हैरीच्या कंपनीला गावातल्या खांबावर वायफायचा डबा बसवायचा होता. रेंज दीडशे मीटरवरच्या सुराऊपर्यंत, म्हणजे आमच्या नमाजघरापर्यंत, पोचली पाहिजे. नाहीतर झुल्हैरीची नोकरी गेली.

या शहाण्यानं पाहणी केली होती फेब्रुवारीत. तेव्हा रबराची पानं गळलेली असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. जूनमध्ये मळा गच्च हिरवा!

चाचणीचा फोन घेऊन पाक देरामान, म्हणजे आमचे देरामानकाका, झाडांत निघाले. चाळीस वर्षं चीक काढणारा माणूस. पहिल्या झाडाशी थांबून ते झाडांतल्या न दिसणाऱ्या जुन्या रहिवाशांना नेहमीसारखं म्हणाले, "आजोबा, आजी, नातवंडं जातायत, वाट द्या."

झुल्हैरी फिदीफिदी हसला.

"पाक, आजोबांकडे फोन आहे का विचारा!"

लॅपटॉपवर फोनचं अंतर दिसत होतं. तीस मीटर. पन्नास. साठ...

आणि गायब.

पानांनीच घात केला, असं त्याला वाटलं. झुल्हैरीला दरदरून घाम फुटला. वैतागून तो झाडांकडे ओरडला, "ओ आजोबा! आता तुम्हीच या आमच्या रेंजमध्ये!"

किरकिरणारे किडे एकदम गप्प झाले.

मग पडद्यावर आकडा आला...

एकशे ऐंशी मीटर.

सुराऊच्याही पलीकडे. तिथे नुसती दलदल आहे. पण हा गडी खूश! पटकन नोंद जपून ठेवली.

एकशे वीस. सत्तर. तीस.

"अहो पाक, पळताय कशाला?"

पाचोळा वाजला नाही.

आठ.

दोन...

समोर कोणी नव्हतं.

"साहेब," मागून आवाज आला. झुल्हैरी किंचाळलाच. पाक देरामान चहाच्या दुकानाकडून येत होते. "साठ मीटरलाच फोनची बॅटरी मेली. चार्जर मिळतो का बघायला गेलो होतो."

फोन काळा पडला होता. लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा तसाच. दोन.

एवढं होऊन त्यानं ती नोंद खोडली? छे! तीच अहवालात लावली. नोकरी वाचली, वर शाबासकी.

सुराऊत रेंज अजून येत नाही, ते सोडा.

आता तो क्वांतान शहरात अकराव्या मजल्यावर राहतो. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनांच्या यादीत त्याचा नि बहिणीचा फोन, पोरांचे दोन, आणि... तो चाचणीचा फोन. कंपनीनं तो केव्हाच भंगारात दिलाय. पहिल्या महिन्यात अंतर एकशे ऐंशी होतं. अकराव्या मजल्यावरून एकशे ऐंशी मीटर!

पासवर्ड बदलला. डबा बदलला. आकडा कमीच होतोय.

शेवटी नाक घासत पाक देरामानकडे आला. "परत जा म्हणून सांगा ना त्यांना."

म्हाताऱ्यानं मान हलवली.

"आम्ही त्यांच्याकडे वाट मागतो, साहेब. तुम्ही त्यांना बोलावलंत. घरी आलेल्या आजोबांना चालते व्हा कसं म्हणू?"

परवा बहिणीकडे जेवायला गेलो होतो. झुल्हैरी भिंतीला पाठ लावून बसला होता, घास हातातच. बहिणीनं फोन माझ्यापुढे धरला.

एक मीटर.

त्या माणसाची मला आजही कीव येत नाही. पण तिथे माझी बहीण राहते. पोरं राहतात.

मी निघालो तेव्हा तिचा धाकटा मुलगा दाराशी उभा राहून हात हलवत होता. मी मागे वळून हात केला.

तो माझ्याकडे बघतच नव्हता...