बाई टीव्हीवर काय म्हणाल्या

खासदारबाईंच्या आठवड्याचे दोन तुकडे होते आणि दोन्हींची भाषा वेगळी होती. सोमवार ते गुरुवार राजधानी. तिथे औषधांच्या किमती, बंदरं, विमा, वीजदर, म्हणजे सगळ्या देशाला पुरतील एवढे मोठाले विषय. शनिवार-रविवार आपलं गाव, आणि तिथे तुंबलेलं गटार, रखडलेली बदली, दवाखान्यात डॉक्टर का नाही, पुलाला कठडा का नाही. मधला शुक्रवार प्रवासात जायचा. "देश चालवायला चार दिवस पुरतात, गाव चालवायला दोन कमी पडतात," असं त्या गमतीनं म्हणत.

राजकारणात पडण्याआधी बाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. हवेत बोलणाऱ्या माणसाला त्या अजूनही सवयीनं विचारत, "किती जणांपैकी किती?" त्यांचे सचिव हायस्कूलमधून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर. घरात सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी, छकुली. असं चारचौघांसारखं घर.

शनिवारी सकाळी बाई कार्यालयात लोकांना भेटायच्या. पूर्वी तिथे कापडाचं दुकान होतं. भिंतीवरच्या फळ्या तशाच होत्या आणि पावसाळी हवेत अजून कोऱ्या कापडाचा वास यायचा. अशाच एका शनिवारी इस्त्रीवाल्याची बायको आली. तक्रार नव्हती तिची. ती नुसतीच बाईंचे हात धरून उभी राहिली.

"तुम्ही सांगितलंत म्हणून वाचलो, ताई."

"मी? काय सांगितलं?"

"मंगळवारी. टीव्हीवर. तुम्ही म्हणालात, मागच्या खोलीतली खाट आत्ताच्या आत्ता हलव. मी म्हटलं, बाई एवढ्या कळकळीनं सांगतायत तर हलवूया. सासरे नको म्हणत होते. दुपारी वरचा सगळा गिलावा तिथेच कोसळला."

मंगळवारी बाई औषधांच्या किमतींवर बोलल्या होत्या. आकडेवारीचं रटाळ भाषण होतं. सभागृहात निम्मे सदस्य पेंगत होते. बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. इस्त्रीवाल्याची बायको गेल्यावर ते म्हणाले, "सभागृहाचं थेट प्रक्षेपण आपल्याकडे कोणीतरी बघतं, हाच मुळात मोठा चमत्कार."

बाई मनापासून हसल्या. मतदारसंघात लाखो घरं, त्यातल्या एका घरात एका बाईला झोपेत काहीतरी ऐकू आलं. योगायोग म्हणायचं नि सोडून द्यायचं.

पुढच्या शनिवारी मात्र औषधांच्या दुकानाचा मालक आला. शिकलेला, बाईंच्या विरोधात उघड मतदान करणारा, तिरकस बोलणारा गृहस्थ. सगळे जाईपर्यंत तो बाहेरच थांबला. मग आत येऊन बसला आणि बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिला.

"हे मी कुणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका," तो म्हणाला. "परवा दुकानात टीव्ही चालू होता. तुम्ही विम्याचं काहीतरी बोलत होता. मध्येच थांबलात आणि थेट माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, ती बाटली त्या मुलीला देऊ नकोस, लेबल वाच. मी वाचलं. चुकीची बाटली होती हो माझ्या हातात."

"तुम्हाला आधीच शंका आली असेल. मनानं ती माझ्या तोंडी घातली," बाई म्हणाल्या.

"मीही तेच म्हटलं स्वतःला." तो उठला. "पण माझ्या मनाला ठाऊक नव्हतं, ती कुणासाठी घ्यायला आली होती. तुम्ही तेही सांगितलंत."

तो गेल्यावर बाईंनी त्या भाषणाचं रेकॉर्डिंग लावलं. चष्म्याशिवाय त्यांना हातभरावरचंही दिसत नसे, तो पुसून त्या बघायला बसल्या. मास्तर शेजारी बसून बघत होते. विमा, हप्ते, टक्केवारी. कुठे थांबणं नाही, कुठे मान वर करणं नाही. शेवटपर्यंत बघून झाल्यावर मास्तरांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

त्यानंतर गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. एका कंडक्टरला बाईंनी म्हणे ब्रेक तपासायला सांगितलं होतं. एका शिक्षिकेला सांगितलं होतं, आज आईला फोन कर, उद्यावर टाकू नकोस. प्रत्येकाला वेगळं, ज्याचं त्यालाच ऐकू येणारं आणि फक्त थेट प्रक्षेपणातच. शेजारी बसलेल्याला मात्र विमा आणि वीजदरच ऐकू येत. बाजारात हिंडताना बाईंना दिसायचं, न्हाव्याकडे, भाजीवाल्याकडे, चपलांच्या दुकानातसुद्धा संसदेचा चॅनल लावलेला. लोक आता गटाराबद्दल बोलतच नव्हते. बाई समोर आल्या की गप्प होत आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहत.

"तू बघतोस का रे माझी भाषणं?" एकदा जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं.

तो जरा ओशाळला. "क्लिनिकमध्ये चालू असतो. पेशंटच आग्रह करतात."

"मग? काही सांगितलं मी?"

"अजून नाही." त्यानं मुलीच्या ताटात भात वाढला. "एकीकडे बरं वाटतं. दुसरीकडे वाटतं, सांगण्यासारखं काही उरलं नसेल तर?"

त्या रात्री बाईंनी ठरवून टाकलं. बोलायचंच नाही. पुढचा सबंध आठवडा त्या सभागृहात तोंडाला कुलूप लावून बसल्या. वीजदराच्या चर्चेत त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मान हलवून नकार दिला. पक्षातले लोक चक्रावले. घसा बसलाय, असं त्यांनी सांगून टाकलं.

शनिवारी कार्यालयात गर्दी होती, पण आवाज नव्हता. पुढे एक तरुण बाई उभी होती. अंगावर घरातलीच साडी, केस विंचरलेले नव्हते. मास्तरांनी हळूच सांगितलं, तिचा नवरा ट्रक चालवायचा, बुधवारी घाटात गेला.

"आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "निघायच्या आधी तो म्हणाला, बाई काही बोलतात का बघू. तुमचं नाव पुकारलं. तुम्ही उभ्याही राहिला नाहीत. तो म्हणाला, म्हणजे काही भीती नाही, आणि गेला." मग तिनं विचारलं, "का बोलला नाहीत, ताई?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती चटकन मागे सरकली. चटका बसावा तशी.

राजधानीला परत जाताना त्यांनी मनाशी पक्कं केलं. हे आपणच थांबवायचं, उघडपणे, आपल्या तोंडानं. गुरुवारी बंदरांच्या विधेयकावर त्यांचं भाषण होतं. गाळ, खोली, जहाजं, सगळं रीतसर बोलून झालं. मग हातातले कागद खाली ठेवून त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं.

"माझ्या गावच्या लोकांनो, मी तुम्हाला काहीही सांगत नाही. कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या बोलण्यात नसलेलं काही ऐकू आलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. आपापल्या घरी निवांत राहा."

सभापतींनी घंटा वाजवली. विषयाला धरून बोला, म्हणाले. बाकांवर थोडा हशा पिकला. बाई खाली बसल्या. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

शुक्रवारी समितीची बैठक लांबली. संध्याकाळी घरी फोन केला, तर कुणी उचलला नाही. मास्तरांनीही नाही. शनिवारी सकाळच्या विमानानं त्या उतरल्या तेव्हा न्यायला नेहमीची गाडी आलेली नव्हती. त्यांनी भाड्याची गाडी केली.

गावात शिरताना ड्रायव्हर म्हणाला, "आज बंद आहे का हो इथे?"

दुकानं बंद नव्हती. उघडी होती. भाजी टोपल्यांत तशीच होती. न्हाव्याच्या खुर्चीच्या हातावर ओला टॉवेल होता. इस्त्रीच्या टेबलावर एक शर्ट अर्धाच घडी केलेला. चौकातला सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. कुत्रं नव्हतं. कावळा नव्हता. चपलांच्या दुकानातला टीव्ही मात्र चालू होता.

कार्यालयापाशी ड्रायव्हरनं गाडीतून न उतरताच बॅग खाली ठेवली. भाडंही न मागता तो वळला आणि आला त्याहून जोरात निघून गेला.

कार्यालयाचं दार सताड उघडं होतं. टेबलावर मास्तरांनी पाण्याचा पेला भरून वर बशी झाकून ठेवली होती.

बाईंनी उभ्याउभ्याच नवऱ्याला फोन लावला. या वेळी पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"अरे, आहात कुठे सगळे?"

"गावामागच्या पठारावर." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "सगळे आहोत. आई, छकुली, मास्तर. अख्खं गाव."

"पण का?"

"तूच सांगितलंस. गुरुवारी, बंदरांवर बोलताना. या वेळी सगळ्यांना एकच ऐकू आलं. घरं सोडा, म्हणालीस. आहे तसं टाका आणि शनिवार उजाडायच्या आत वर जा."

"मी उलट म्हणाले! निवांत राहा म्हणाले, घरीच राहा!"

"रडत होतीस गं तू. आम्ही तुला कधी तसं पाहिलं नव्हतं."

बाहेर सिग्नल बदलल्याची टिकटिक ऐकू येत होती.

"मग मला फोन का नाही केलास? मी इथे आहे. गावात. एकटी."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू म्हणालीस, मला कळवू नका. मला अडवलंत तर वर गेलेले कुणीच वाचणार नाहीत. मी निघालो होतो गं खाली, दोनदा. मास्तरांनी धरून ठेवलंय मला. छकुली मांडीवर आहे माझ्या." तो रडायला लागला होता. "आई तर दगडावर डोकं आपटून..." पुढचं कळलं नाही.

"मी येते," बाई म्हणाल्या. "चालत येते. तासाभराचा तर रस्ता आहे."

फोन स्पीकरवर होता हे आता त्यांच्या लक्षात आलं, कारण पलीकडे खूप माणसं श्वास घेत होती. कुणी खोकत नव्हतं. मूलही रडत नव्हतं. अख्खं गाव कान देऊन ऐकत होतं.

"बोल ना रे."

"हेही म्हणालीस तू," तो म्हणाला. "चालत येते, तासाभराचा तर रस्ता आहे. अगदी असंच."

"आणि पुढे? पुढे काय म्हणाले मी?"

"नको विचारूस."

"सांग."

"म्हणालीस, त्यानंतर मी चष्मा काढून ठेवीन."

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. पेल्याशेजारी काहीतरी पडलं होतं, पण ते नीट दिसत नव्हतं.