मागावरचा ठोका

छत्रीवाल्याने मला आधीच बजावलं होतं, "मावशी, चालणं बरंच आहे. पायात धड काहीतरी घाला." मी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात दिवसभर उभी राहून फाटक्या चादरी सांधते, चालण्याची भीती मला कुणी घालू नये. तरी मुकाट्याने बूट घातले. माझी मुलगी याच माणसाबरोबर, याच वाटेने गेली होती आणि परत आली नव्हती.

हा माणूस हौशी लोकांना जुने कारखाने दाखवत फिरवतो. घोळक्यात दिसावं म्हणून पिवळी छत्री उघडी धरतो, ऊन असो नसो. पोलिसांनी हात झटकले होते. "मुलगी सज्ञान आहे, मन झालं की येईल," असं साहेब म्हणाला. मन झालं की! कोपऱ्यावर पाव आणायला जातानाही सांगून जाणारी मुलगी ती.

नवऱ्याला ऐकू येत नाही. गिरणीतल्या मागांनी त्याचे कान खाल्ले. तो दिवसभर खिडकीशी बसायचा आणि मी घरात शिरले की माझ्या तोंडाकडे बघायचा. मी मान हलवली की पुन्हा खिडकीकडे वळायचा. शेवटी मी छत्रीवाल्याला गाठलं आणि म्हटलं, तिला नेलंस तसंच मला ने.

दुपारचं स्वच्छ ऊन होतं. नदीच्या अलीकडे पंपघर, मग गॅसची जुनी टाकी. तिचा आता नुसता लोखंडी सांगाडा उरलाय. त्यापुढे कापडाचं रंगखातं. त्याच्या भिंतीच्या विटांत निळा रंग अजून मुरलेला आहे. छत्रीवाला सवयीने माहिती सांगायला लागायचा आणि माझ्याकडे बघून पुढे चालू लागायचा. पूल लागला तेव्हा पलीकडच्या काठावर आमची गिरणी दिसली. मी आणि नवरा, दोघांनीही तिथेच हाडं झिजवली. ती बंद पडून जमाना झाला. माग भंगारात गेले, खिडक्या विटांनी चिणल्या. ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

"इथपर्यंत ती माझ्या मागेच होती," छत्रीवाला म्हणाला. "मी धुराड्याबद्दल सांगत होतो. तिने पाय आपटला."

"कसा?"

"म्हणजे... टाच. एकदाच. मला वाटलं, मुंगी चावली असेल. मी दोन वाक्यं बोललो आणि वळून पाहिलं, तर नाही. आईशपथ मावशी, या पुलावर लपायला जागा नाही."

मी कठडा धरला.

त्याला मी सांगितलं नाही, पण इथे सांगायला हवं. मागांच्या गदारोळात हाक ऐकू जात नाही. आम्ही आवाज न काढता ओठांनी बोलायचो, आणि बोलवायचं झालं तर टाच आपटायचो. लाकडी जमिनीतून शेजारणीच्या तळपायाला ते कळायचं. पाणी प्यायला जायचं असेल तर दोन ठोके द्यायचे. तिने एक ठोका परत दिला, म्हणजे ठोका घेतला; माग तिचा, आपण मोकळ्या. कुणी घेतला नाही तर जागचं हलायचं नाही, मग काही का होईना. "आधी बघ, मग घे," असं मुकादमीण कानीकपाळी ओरडायची. कारण हात कामात असले की टाच आपोआप उचलली जाते, आणि कुणाचा माग गळ्यात पडला ते मागाहून कळतं.

गिरणी गेली, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. लेक भांडी घासता घासता दोन ठोके द्यायची, मी एक दिला की बाईसाहेब पसार! तिचा दुसरा ठोका घाईचा, पहिल्याला चिकटलेला. माझा पहिला जड आणि दुसरा ओढत दिलेला. त्यावरून सगळं खातं मला चिडवायचं.

पुलाच्या कडेने चालायला फळ्या आहेत. मधोमध आलो आणि त्या थरथरायला लागल्या.

"ट्रक असेल," छत्रीवाला म्हणाला. पूल गाड्यांना बंद आहे, हे मघाशी त्यानेच मला सांगितलं होतं. त्याच्याही ते लक्षात आलं. त्याने छत्री मिटून काखेत धरली.

"परत जाऊ या, मावशी."

"तू जा."

ती थरथर माझ्या ओळखीची होती. सगळं खातं एकदम सुरू झालं की ती पोटऱ्यांत चढते, मग दातांत येते. वारा तोंडावर येत होता, पण त्याचा आवाज थांबला होता. छत्रीवाला माझा हात ओढत होता आणि त्याचे नुसते ओठ हलत होते. 'चला, चला,' म्हणत होता.

मग तळपायाला दोन ठोके लागले. दुसरा पहिल्याला चिकटलेला.

मी गिरणीकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडी होती. तिथे माझी लेक उभी होती, दोन्ही हात समोर कशात तरी गुंतलेले. एवढ्या लांबून माणूससुद्धा ओळखू येऊ नये. मला तिचे ओठ वाचता आले.

'कुणीतरी घ्या,' म्हणत होती. मग तिने मला पाहिलं.

'आई? नको. तू नको घेऊस.'

मी बघून घेतला. एवढं नीट बघून आयुष्यात कधी घेतला नव्हता. टाच उचलली आणि जीव खाऊन आपटली.

खिडकीत विटा होत्या.

घरी आले तर लेक दारातच होती. ती माझ्या गळ्यात पडून रडली. पुलावर जरा थांबले, एवढंच तिला आठवत होतं. तिच्या बोटांना सुताचे बारीक काप पडले होते. मी तिच्या केसांतून हात फिरवत बोलत राहिले, जे तोंडाला येईल ते.

तिने डोकं वर केलं. "आई, मोठ्याने बोल ना. काही ऐकूच येत नाही."

"बोलते तर आहे की," नवरा माझ्या ओठांकडे बघत म्हणाला.

डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. आवाज गेला तर गेला, तिकडे मागावर राहिला असेल. लेक घरात आहे, मला दुसरं काही नको. टाच आपटायची नाही, हे मी तिला बजावून सांगितलंय. तीही माझे ओठ बघून "बरं, बरं," म्हणते. मी घरात अनवाणी, चवड्यांवर चालते.

आज दुपारी नवरा बाहेर गेला होता. लेक माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती. मी खुर्चीत बसून, पाय समोरच्या स्टुलावर ठेवून, एका चादरीला टाके घालत होते. खुर्ची हलकेच थरथरली.

दोन ठोके आले. पहिला जड, दुसरा ओढत दिलेला.

माझे पाय स्टुलावर होते.

मी ओरडले, घसा फाटेपर्यंत. लेक पाठमोरी होती, हात साबणात होते, काहीतरी गुणगुणत होती.

तिची टाच हळूच वर उचलली गेली.