वकीलबाईंसाठी प्रार्थना

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत मंडळीच्या चिटणीसबाई प्रार्थनाविनंत्या सांगत होत्या. "आपल्या नववीतल्या मुलीसाठीही विनंती आहे. ती रात्ररात्र रडते, जेवत नाही, आणि..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. मी चालवते त्या चर्चच्या तरुण संघात सगळ्यांशी वाद घालणारी, म्हणून जिला आम्ही लाडाने वकीलबाई म्हणायचो, ती पोर तिथे मान खाली घालून बसली होती.

मी उठणार, तोच ऑर्गन दणाणला. भलतंच गीत, भलत्या वेळी! चिटणीसबाईंचं पुढचं वाक्य त्यात बुडालं.

उपासना संपताच मी ऑर्गनपाशी गेले. "नवीन वादक तुम्हीच? चुकून वाजलं का?"

"एवढं मोठं चुकायला फार सराव लागतो," तो हसला. "त्या माझ्या मावशी. त्यांना थांबवायला एवढंच हाताशी होतं."

"मग सांगा त्यांना, दुसऱ्याचं दुःख चव्हाट्यावर मांडायचं नसतं!"

"तुम्हीच सांगा. तुम्ही छान रागावता."

"मी छान दिसायला रागावत नाहीये!"

"दिसता असं म्हटलंच नाही मी... अजून."

मी पाय आपटत निघाले. काय माणूस आहे!

कित्येक शुक्रवार चर्चच्या हॉलमध्ये वकीलबाईशी बोलत बसल्यावर ती कुठे समुपदेशकाकडे यायला तयार झाली होती. मंगळवारी जायचं होतं. त्याच रविवारी संध्याकाळी तिचा निरोप आला, 'ताई, मी येणार नाही. कुठेच.' तिच्या आईला फोन करून तिला एकटं सोडू नका म्हणून सांगितलं आणि तडक चिटणीसबाईंचं घर गाठलं. दार त्या ऑर्गनवादकानेच उघडलं.

"अगं, तिच्या आईनेच मला सांगितलं," बाई म्हणाल्या. "मी प्रार्थनाच तर मागितली!"

"तुम्हाला सांगितलं, बाई," मी म्हणाले. "अख्ख्या मंडळीला नाही. तिला विचारलंत?"

"लहान आहे ती."

"दुःख सोसायला मोठी, आणि विचारायला लहान?"

तो हळूच म्हणाला, "मावशी, शाळेत असताना माझ्यासाठीही तू अशीच विनंती केली होतीस. त्यानंतर मी आपल्या चर्चमध्ये आजच पाऊल ठेवलं."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी चपला घातल्या आणि आम्ही तिघं मुलीच्या घरी गेलो.

"चुकलं माझं," बाई तिच्यासमोर म्हणाल्या. "आधी तुला विचारायला हवं होतं."

"यापुढे प्रत्येकाला विचाराल?" तिने मान वर केली. "आणि हे मंडळीसमोर कबूल कराल?"

आमच्या वकीलबाई बोलल्या! बाई हो म्हणाल्या, आणि मला रडू आवरेना. मग तिने मला सोडून सगळ्यांना बाहेर काढलं, माझ्याशी खूप वेळ बोलली, आणि मंगळवारी यायला तयार झाली.

मी बाहेर आले. चिटणीसबाई घरी गेल्या होत्या, तो मात्र जिन्यात बसून होता. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, बस्स.

"ती काय म्हणाली, विचारणार नाही?"

"नाही. ते तिचं आहे."

त्याच्याकडे बघताना छातीत काहीतरी हललं... आणि त्याचाही मला रागच आला.

"ऐका, तुम्ही मला आवडता."

"अहो, मग भांडल्यासारखं काय सांगता?"

"रागात असले की मी खरं तेच बोलते. शांत व्हायला मला वेळ लागतो. थांबाल?"

"थांबलोय की," तो म्हणाला, आणि पायरीवर सरकून त्याने मला जागा करून दिली.